पेनिसिलिन चालतं का, एवढं तरी विचारा

ठाण्यात कोलशेत रोडवर संध्याकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी उभे राहा आणि कान देऊन ऐका. कुणाचा घसा धरलाय, कुणाची दाढ ठणकतेय, कुणाला गळू झालंय, कुणाच्या पोराला ताप आहे. पण माणूस आजार सांगत नाही, आकडा सांगतो. "सिक्स ट्वेंटीफाईव्ह द्या, चार." काउंटरमागचा मुलगा कात्रीनं स्ट्रिप कापतो, कागदी पाकिटात टाकतो, पैसे घेतो. चिठ्ठी आहे का, हे विचारलं जात नाही. डॉक्टरांनी किती दिवस सांगितल्यात, हे विचारलं जात नाही. आणि जो प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा, तो तर कधीच कानावर पडत नाही: "पेनिसिलिन चालतं का तुम्हाला? आधी कधी अंगावर उठलं होतं?"

हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. तो टाळणाऱ्या दुकानदाराला, दवाखान्याला आणि हे सगळं बघत बसलेल्या प्रशासनाला मी निष्काळजी म्हणणार नाही. निष्काळजीपणा एखाद्या दिवशी होतो. रोज होतो ती पद्धत असते, आणि ही पद्धत माणसाच्या जिवावर उठू शकते.

ती 625 ची गोळी म्हणजे 500 मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि 125 मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड. अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं. अ‍ॅम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन, इस्पितळात शिरेतून देतात ते पिपरासिलिन, ही सगळी त्याच घरातली भावंडं. एकाची रिअ‍ॅक्शन असेल तर दुसऱ्याचा धोका असतोच. पण दुकानात ही औषधं या नावांनी येत नाहीत. ऑगमेंटिन, क्लॅव्हम, मॉक्सीकाइंड, नोव्हामॉक्स अशा नावांनी येतात. वेष्टणावर खालच्या ओळीत बारीक इंग्रजी अक्षरांत अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहिलेलं असतं, आणि चार गोळ्या कापून दिल्या की कित्येकदा तेही कात्रीखाली जातं. मुदत संपल्याची तारीख जाते, औषधाचं नाव जातं, चिठ्ठीच्या औषधावर असते ती तांबडी रेघसुद्धा अर्धी जाते. रुग्णाच्या हातात उरतो चार फुगवट्यांचा चंदेरी तुकडा.

माझी मावशी ढोकाळीला राहते. तिला तरुणपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शननं अंगभर गांधी उठल्या होत्या, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. दाढेच्या दुखण्यासाठी तिला एका दवाखान्यात गोळ्या लिहून मिळाल्या. तिथे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी पेनिसिलिन म्हणजे सुई. गोळीतूनही ते पोटात जातं हे तिला कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. पहिली गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात तिचे तळहात खाजायला लागले, मग ओठ सुजले, मग आवाज बसला. इस्पितळ जवळ होतं म्हणून ती वाचली. तिला अडाणी म्हणणाऱ्याशी मी भांडेन. तिच्या पिढीला पेनिसिलिन माहीत झालं तेच सुईच्या रूपात. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभा राहिला, 1955 पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं, आणि त्याच्या कुप्या सरकारी दवाखान्यांत पोचल्या. औषध सुईतून गोळीत आलं, गोळीतून आकड्यात आलं. ही बातमी मावशीपर्यंत पोचवायची जबाबदारी औषध लिहिणाऱ्याची आणि विकणाऱ्याची होती.

रिअ‍ॅक्शन म्हणजे नेमकं काय, हेही लोकांना सांगितलं जात नाही, म्हणून "गरम पडलं" या दोन शब्दांत सगळं गुंडाळलं जातं. पेनिसिलिनच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाचं चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. जंतूंची बाहेरची भिंत बांधणारी यंत्रणा त्या कड्यामुळे बंद पडते आणि जंतू फुटतात. आपल्या पेशींना तशी भिंत नसते, म्हणून हे औषध मुळात माणसाला फार कमी त्रासाचं आहे. पण तेच कडं रक्तात उघडून आपल्या प्रथिनांना चिकटतं, आणि काही जणांचं शरीर त्या जोडीला शत्रू समजून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार ठेवतं. त्या वेळी बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या खेपेला औषध पोटात गेलं की तयार बसलेली फौज काही मिनिटांत उठते. म्हणून "मागच्या वेळी तर काहीच झालं नव्हतं" हा भरवसा पुरेसा नाही.

तातडीची रिअ‍ॅक्शन बहुधा पहिल्या तासाभरात येते. गांधी, ओठ-जीभ-पापण्यांना सूज, घोगरा आवाज, छातीत घरघर, पोटात कळ आणि उलटी, डोळ्यांपुढे अंधारी. यातली गांधी आणि दुसरी कुठलीही एक खूण एकत्र दिसली की घड्याळ सुरू झालं असं समजा. अशा माणसाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा, धाप जास्त असेल तर टेकून बसू द्या. पण त्याला चालवत रिक्षापर्यंत नेऊ नका, कारण रक्तदाब कोसळलेला माणूस उभा राहिला की तिथेच जाऊ शकतो. 108 ला फोन करा. आणि जो डॉक्टर सगळ्यात जवळ असेल त्याला एकच शब्द सांगा: अ‍ॅड्रिनॅलिन.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण खरा राग इथला आहे. या रिअ‍ॅक्शनचं पहिलं औषध अ‍ॅड्रिनॅलिन आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर. कुपी स्वस्त आहे, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, तिला ना मोठं यंत्र लागतं ना तज्ज्ञ. तरीही आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली रीत म्हणजे एव्हिल आणि डेक्सा टोचायचं आणि वाट बघायची. एव्हिलनं खाज कमी होते. डेक्सा हे स्टेरॉइड, त्याला काम करायला तास लागतात. कोसळलेला रक्तदाब आणि बंद होत आलेली श्वासनलिका या दोन औषधांपैकी कुणाचंच ऐकत नाहीत. आपल्या भागातल्या छोट्या दवाखान्यांत जाऊन विचारा की अ‍ॅड्रिनॅलिन आहे का, आणि असेल तर मुदतीत आहे का. रुग्णाला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. जो दवाखाना इंजेक्शन देतो आणि अ‍ॅड्रिनॅलिन ठेवत नाही, त्यानं इंजेक्शन देणं बंद करावं. कोलशेतहून कापूरबावडीचा नाका गाठायला गर्दीच्या वेळी किती वेळ लागतो, घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामानं आणि खड्ड्यांनी रुग्णवाहिकांचे काय हाल होतात, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आमच्याकडे कुपी दवाखान्याच्या कपाटातच असली पाहिजे.

तसाच तो टेस्ट डोस. इंजेक्शनातला थेंबभर द्रव पातळ करून कातडीखाली टोचायचा, फोड येतो का बघायचं, नाही आला की निर्धास्त. पेनिसिलिनची खरी त्वचाचाचणी त्यासाठी बनवलेल्या खास द्रव्यांनी करतात आणि ती आपल्याकडे सहज मिळत नाहीत. थेंबानं फोड आला नाही म्हणून पुढे काही होणार नाही, याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि कधीकधी त्या थेंबानंच रिअ‍ॅक्शन येते. नीट विचारलेला पूर्वेतिहास, हाताशी अ‍ॅड्रिनॅलिन आणि सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवणं, ही तीन कामं त्या थेंबापेक्षा कितीतरी मोलाची आहेत. पण त्यांना वेळ लागतो, आणि बाहेर रांग असते.

आता कायदा. अ‍ॅमॉक्सिसिलिन हे औषध नियम, 1945 (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधल्या परिशिष्ट 'एच' मधलं औषध आहे. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकणं बेकायदा, आणि विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. 2013 साली सरकारनं 'एच-1' नावाचं आणखी कडक परिशिष्ट काढलं, ते 1 मार्च 2014 पासून लागू झालं. त्यात तेव्हा 46 औषधं होती, आणि अशी औषधं विकताना रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषधाचं प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही 3 वर्षं जपावी लागते. सेफिक्झिम त्यात आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिन नाही. गल्लीबोळात मिठाच्या पुडीइतक्या सहज मिळणाऱ्या या प्रतिजैविकाला वहीच नाही. 2016 मध्ये तांबड्या रेघेची मोहीम झाली: पाकिटावर तांबडी रेघ दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. रेघ ग्राहकासाठी काढली आणि विकणाऱ्याला मोकळं सोडलं.

महाराष्ट्रात याला हात घालणारा माणूस झाला नाही असं नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या आणि चिठ्ठीविना विकणाऱ्या दुकानांवर कारवाया सुरू झाल्या. दुकानदारांच्या संघटनांनी बंदची हत्यारं उपसली. आयुक्त बदलून गेले, आणि भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र टांगून काउंटर दहावी-बारावी झालेल्या पोरावर सोडायची रीत तशीच राहिली. मी त्या पोरावर रागावत नाही. त्याला पगार गोळ्या ओळखायचा मिळतो, माणसं ओळखायचा नाही. प्रमाणपत्र भाड्यानं देणाऱ्या फार्मासिस्टवर मात्र मी रागावतो, कारण त्यानं शिकलेलं ज्ञान विकायला काढलं आणि वापरायला ठेवलं नाही. आता तर क्लॅरिअंटच्या कारखान्याच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांमध्ये विसाव्या मजल्यावर मोबाइलवरून औषधं घरपोच येतात. तिथे विचारायला समोर चेहराही नाही.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं 11 डिसेंबर 1945 रोजी नोबेलच्या व्याख्यानात हेच सांगितलं होतं. पेनिसिलिन दुकानात कुणालाही विकत मिळेल असा दिवस येईल, अडाणीपणानं माणूस कमी मात्रा घेईल आणि जंतूंना मारण्याऐवजी तयार करील, असा त्याचा इशारा होता. चार गोळ्यांची कापलेली स्ट्रिप हा त्या इशाऱ्याचा शब्दशः पुरावा आहे.

औषध लिहिणाऱ्यांकडेही वळतो. मुंबईतल्या एका माणसाला जुलै 1992 मध्ये ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरनं त्याला अ‍ॅलोपॅथीची प्रतिजैविकं दिली, आधी विषाणूचा ताप समजून, मग तपासणी न करता टायफॉइड समजून. तो माणूस काही दिवसांत गेला. त्याच्या पत्नीनं लढा दिला आणि 10 मे 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तिला 3 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. जी पद्धत शिकला नाहीत तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पुढे 2014 साली महाराष्ट्रानं कायदा बदलला आणि एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहायची वाट मोकळी केली. त्यावरून डॉक्टरांच्या संघटना अजून भांडतायत. पाटी कुठली, यावर भांडण चालू द्या. ज्याच्या हातात पेन आहे त्याच्या कागदावर अ‍ॅलर्जीचा रकाना भरलेला आहे का, हे मला बघायचं आहे. मोठमोठ्या पदव्या असलेल्यांच्या चिठ्ठ्यांवरही तो रिकामाच असतो.

आणि याच्या अगदी उलट टोकाचा दुसरा अन्याय याच शहरात, याच जिल्ह्यात चालतो. गोळ्या बेफिकिरीनं वाटणारे डॉक्टर पेनिसिलिनच्या सुईला मात्र घाबरतात. लहान मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जंतूनं सुजला आणि नीट उपचार झाला नाही, तर काही मुलांना सांधेताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. 5 ते 15 वर्षं या वयाला धोका सर्वांत जास्त. एकदा सांधेताप झालेल्या मुलाला तो पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, कित्येक वर्षं. शहापूर-मुरबाडकडच्या आईबापांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळातून ही चिठ्ठी मिळते, आणि गावाजवळचा डॉक्टर म्हणतो, "ही सुई मी देत नाही, रिअ‍ॅक्शन आली तर?" मूल सुई चुकवत जातं आणि झडप बिघडत जाते.

रिअ‍ॅक्शनची भीती किती खरी आहे? 1991 साली 'लॅन्सेट'मध्ये अनेक देशांतल्या 1,790 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना मिळून 32,430 सुया दिल्या होत्या. कुठल्याही प्रकारची अ‍ॅलर्जी दिसली 57 जणांना, जिवावरची रिअ‍ॅक्शन 4 जणांना, मृत्यू 1. तो एक मृत्यूही मला मोठा वाटतो, म्हणूनच वर अ‍ॅड्रिनॅलिनसाठी एवढं भांडलो. पण सुई न दिल्यानं बिघडलेल्या झडपा कुठल्याच डॉक्टरच्या नावावर लागत नाहीत, म्हणून तो बिनधास्त नाही म्हणतो. झडप आधीच फार बिघडलेल्या रुग्णाला सुईच्या वेदनेनं चक्कर येऊन हृदय थांबण्याचा वेगळा धोका असतो, त्याच्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ गोळीचा पर्याय ठरवतात. तो निर्णय तज्ज्ञाचा. घाबरलेल्या डॉक्टरनं तो परस्पर घेऊ नये.

न विचारण्याचं आणखी एक फळ. लहानपणी तापात गोळी दिली, अंगावर पुरळ आलं, आईनं सांगून ठेवलं: याला पेनिसिलिन चालत नाही. ते पुरळ विषाणूचं होतं का औषधाचं, कुणी तपासलं नाही. ग्रंथींच्या विषाणूतापात अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ येतं, आणि ती बहुतेकदा खरी अ‍ॅलर्जी नसते. अमेरिकेत दहातल्या एका माणसाच्या कागदावर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली असते, आणि नीट तपासलं तर त्यातल्या दहापैकी नऊ जणांना ते औषध चालतं. खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकीही बहुतेकांची दहा वर्षांत विरून जाते. पण शिक्का बसला की माणसाला आयुष्यभर जास्त महाग, जास्त तीव्र, जास्त जंतू मारणारी औषधं मिळत राहतात. मात्र हे वाचून कुणी घरी गोळी खाऊन परीक्षा घेऊ नये. ती परीक्षा अ‍ॅलर्जीतज्ज्ञासमोर, इस्पितळातच व्हायची.

बाकीचे त्रास पटकन सांगतो, कारण ते जास्त जणांना होतात आणि फार घाबरण्यासारखे नाहीत. मळमळ आणि जुलाब, विशेषतः क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडमुळे. म्हणून 625 जेवणाच्या सुरुवातीला घ्यावी. तोंडात किंवा योनीमार्गात बुरशी वाढून खाज येते. पण जुलाब पाण्यासारखे, दिवसातून अनेक वेळा आणि रक्ताचे होऊ लागले, मग ते कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी का असेना, तर डॉक्टरकडे गेलंच पाहिजे, आणि जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घ्यायची नाही. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी डोळे पिवळे होऊ शकतात, लघवी गडद होऊ शकते, विशेषतः उतारवयातल्या पुरुषांना. त्या वेळी डॉक्टरला सांगायचं असतं की मध्यंतरी 625 घेतली होती, आणि नेमकं तेच कुणाला आठवत नाही. अंगावर फोड, तोंडात जखमा, डोळे लाल, कातडी सुटणं यातलं काही दिसलं तर थेट इस्पितळ. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा बदलते. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट चालू असेल तर पेनिसिलिनमुळे ते शरीरात साठून विषारी होऊ शकतं. कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण रक्त पातळ ठेवायला अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन घेतात, त्यांचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं, तपासणी करून घ्यावी लागते.

मुलांच्या पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घालायचं, चांगलं हलवायचं, मापाच्या टोपणानं द्यायचं, स्वयंपाकघरातल्या चमच्यानं नाही. क्लॅव्युलॅनिकवालं औषध फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांनी ओतून द्यायचं. मोठ्याची उरलेली बाटली धाकट्याच्या तापाला देणाऱ्या आया मी पाहिल्यात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि बाटलीवरच्या सूचना इंग्रजीत असतात.

माझ्या मागण्या साध्या आहेत. अ‍ॅमॉक्सिसिलिन 'एच-1' मध्ये घाला. ठाणे महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्याच्या केसपेपरवर अ‍ॅलर्जीचा रकाना सगळ्यात वर छापा, आणि तो भरल्याशिवाय औषध देऊ नका. ज्या खासगी दवाखान्यात सुई दिली जाते तिथे मुदतीतलं अ‍ॅड्रिनॅलिन आहे का, याची तपासणी करा. ज्या सोसायट्या व्यायामशाळेवर आणि कारंज्यांवर खर्च करतात त्यांनी सभासदांच्या नोंदीत रक्तगटाशेजारी औषधाच्या अ‍ॅलर्जीसाठी एक ओळ ठेवावी. आणि ज्याला रिअ‍ॅक्शन आली त्यानं गप्प बसू नये. औषधाचं खरं नाव, घेतल्याची तारीख, किती वेळानं काय झालं, हे लिहून पाकिटात ठेवावं आणि गाझियाबादच्या राष्ट्रीय औषधदक्षता केंद्राला कळवावं. रुग्णांनी भरायचा फॉर्म मराठीतही आहे, फोन 1800-180-3024, पैसे पडत नाहीत. मावशीचा फॉर्म आम्ही भरला, आणि तिच्या आधारकार्डाच्या मागे चिकटवलेल्या कागदावर आता पेनिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि त्या गोळीचं दुकानातलं नाव, तिन्ही मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहेत.